मेळघाटातील पहिलीच्या वर्गाविषयी : शिक्षणमंत्र्यांस अनावृत पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



सन २०२५ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याविषयीचा शासननिर्णय निघाला आणि जूनच्या २९ तारखेस तो मागे घेत असल्याचे जाहीर झाले. त्या अडीच महिन्यांच्या अवधीत या राज्यातील वृत्तपत्रांनी, व्यासपीठांनी आणि चहाच्या टपऱ्यांनी बालमनाचा जेवढा ऊहापोह केला तेवढा त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. सहा वर्षांच्या मुलाच्या मनावर परक्या भाषेचा भार टाकू नये, जी भाषा घरात कानांवर पडते तिच्यातच त्याच्या विचारांना प्रथम पाय फुटतात, आणि ती डावलली गेली तर त्याचे नुकसान गुणपत्रिकेपुरते न राहता त्याच्या स्वभावात उतरते, असे जे जे त्या काळात लिहिले व बोलले गेले ते मी परतवाड्यास घरी बसून मन लावून वाचले, आणि त्यातील एकाही विधानाशी माझा मतभेद नव्हता. मतभेद नव्हता, पण नवल मात्र वाटत होते. कारण हे सारे युक्तिवाद ज्या मुलांना सर्वांच्या आधी लागू पडावेत ती मुले माझ्या घरापासून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या खेड्यांत राहतात, त्यांच्या दृष्टीने परकी भाषा म्हणजे खुद्द मराठी, आणि त्यांचे नाव त्या संपूर्ण वादात कोणी काढल्याचे निदान माझ्या तरी वाचनात आले नाही.

मी कोरकू मुलांविषयी लिहीत आहे. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांचा जो डोंगराळ, सागवानी मुलूख मेळघाट या नावाने ओळखला जातो, तेथे सिपना, गडगा, खापरा या नद्यांच्या खोऱ्यांत, समोरासमोरच्या दोन ओळींत बांधलेल्या घरांच्या खेड्यांतून ही जमात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा कोरकू असल्याचे नोंदविले. त्यांतील मोठा हिस्सा मध्यप्रदेशात असला तरी उरलेले बहुतेक सारे आपल्याच राज्याचे रहिवासी आहेत. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे आता पुन्हा सांगण्याची वेळ येऊ नये. पण शासकीय कागदांत अजूनही तिची गणना ‘बोलीभाषा’ या मोघम सदराखाली होते म्हणून सांगतो, की ती मुंडा गटातील स्वतंत्र भाषा असून संथाळी, मुंडारी ही तिची सख्खी भावंडे येथून शेकडो कोसांवर, झारखंड-ओडिशाकडे आहेत. तिच्यात संस्कृताप्रमाणे द्विवचन आहे, आणि नामांची विभागणी पुल्लिंग-स्त्रीलिंग अशी नसून सजीव-निर्जीव अशी आहे. सबब फळा तो, पाटी ती आणि पुस्तक ते का, याचे कोणतेही कारण कोरकू मुलास सुचू शकत नाही. ‘आई आला’ असे ते मूल तिसरी-चौथीपर्यंत म्हणत राहते, आणि वर्गात त्यावर हशा पिकला म्हणजे आपण आईविषयी काहीतरी गैर बोललो एवढाच बोध त्यास होतो. घरी कोरकू, आठवडी बाजारात व्यापाऱ्याशी हिंदी, शाळेत मराठी, आणि २००० सालापासून पहिलीतच येऊन बसलेली इंग्रजी : तिसऱ्या भाषेच्या भाराचे वजन करणाऱ्यांनी ही बेरीजही एकदा करून पाहावी.

माझी उभी नोकरी याच दोन तालुक्यांत, आधी शिक्षक व पुढे केंद्रप्रमुख म्हणून, झाली. मी जन्माने मराठी भाषिक, वऱ्हाडी वळणाचा. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. म्हणून हे पत्र मराठीविरुद्धची कैफियत समजू नये. कोरकू मुलास मराठी आलीच पाहिजे. तलाठ्याचे दप्तर, वनखात्याचा परवाना, दवाखान्यातला केसपेपर, जातीचा दाखला आणि पुढची नोकरी हे सारे ज्या भाषेत चालते ती आपल्या मुलास यावी ही गरज कोरकू बापाला कोणाही शिक्षणतज्ज्ञापेक्षा अधिक चांगली ठाऊक आहे, आणि तो ती बोलूनही दाखवतो. मला विचारावयाचे आहे ते एवढेच, की ती शिकून होईपर्यंतच्या दोन-तीन वर्षांत त्या मुलाने रडावे कोणत्या भाषेत, आणि ते रडणे ज्यास कळेल असा मनुष्य शासनाच्या कोणत्या आस्थापनेवर असावा.

आपण मुंबईत बसून या प्रश्नाचे स्वरूप कल्पनेने जाणू शकाल, पण एक प्रसंग सांगतो, तो पाहिला म्हणून. जुलैची झड लागलेली, पत्र्यावर पावसाचा असा मारा की शिक्षकाचे बोलणे पुढच्या बाकापर्यंत पोहोचू नये, आणि पहिलीच्या वर्गात भिंतीला टेकून एक मुलगी गुडघ्यांत मान घालून बसलेली. शिक्षक तरुण, मराठवाड्यातून आलेला, कामाचा आणि जीव लावणारा होता. त्याने तिच्याजवळ बसून विचारले, भूक लागली का, तिने मान डोलावली. घरी जायचे का, तिने मान डोलावली. कोणी मारले का, तिने तशीच मान डोलावली. मेळघाटातील पहिलीचे मूल मराठीपैकी सर्वांत आधी काही शिकत असेल तर ती ही मान डोलावणे, कारण विचारणाऱ्याचे समाधान होऊन तो पुढे जातो असा त्याचा अनुभव असतो. शेवटी शेजारच्या खोलीतून चौथीतल्या एका मुलीस बोलावण्यात आले, ती येऊन लहानीच्या शेजारी बसली, दोघींत चार शब्द झाले, आणि मोठीने उठून सांगितले, ‘सर, तिची कान दुखून राह्यली.’ त्या दुखण्याने ती मुलगी आदल्या रात्रीपासून हैराण होती. औषधाची तजवीज झाली, चौथीतली मुलगी आपल्या वर्गात परत गेली, तोपर्यंत तेथला अपूर्णांकांचा पाठ अर्धा होऊन गेला होता, आणि या दुभाषाच्या कामाची नोंद कोणत्याही हजेरीपटात, कोणत्याही अहवालात झाली नाही. अशा नऊ-दहा वर्षांच्या दुभाषांच्या खांद्यांवर दोन तालुक्यांतील पहिलीचे वर्ग वर्षानुवर्षे उभे आहेत, हे आपल्या विभागास ठाऊक असावे असे मी धरून चालतो.

कान दुखणे हे सोपे दुखणे. तेथे निदान बोट दाखविता येते. पण ज्या मुलाची आई वीटभट्टीवर गेलेली असून ती कधी येणार हे त्यास ठाऊक नाही, ज्यास रात्री अंथरूण ओले होण्याची लाज वाटते, ज्याच्या पाटीवर शेजारच्याने मुद्दाम रेघ ओढली, ज्याचा धाकटा भाऊ पावसाळ्यात वारला आणि घरात त्याविषयी कोणी बोलत नाही, अशा मुलाच्या मनातील गोष्ट बोटाने दाखविण्याजोगी नसते. शाळा त्यास नव्या भाषेत रंग शिकवते, अंक शिकवते, फळांची नावे शिकवते. अननस कोणी पाहिला नसला तरी ‘अ अननसाचा’ आणि मराठी मुलांनीही न पाहिलेले ‘ईडलिंबू’ शिकवते. परंतु भय, रुसवा, हेवा, आठवण, लाज या गोष्टींचे शब्द मूल पाठ्यपुस्तकातून शिकत नसते, ते त्यास आईच्या कुशीत आणि आजीच्या बोलण्यातून आलेले असतात, आणि ते ज्या भाषेत आले ती भाषा शाळेच्या उंबऱ्यावर काढून ठेवावी लागली की त्या गोष्टी शाळेत सांगावयाच्या नसतात असा त्याचा समज दृढ होतो. मग ते मूल गप्प राहते. शिक्षकाच्या दृष्टीने गप्प राहणारे मूल प्रथम ‘शांत’, सहामाहीनंतर ‘अभ्यासात मंद’, आणि होळीनंतर ‘अनियमित’ ठरते. हे तीन शेरे मी एकाच मुलाच्या नावापुढे याच क्रमाने इतक्यांदा वाचले आहेत, की पुढे पुढे पहिला शेरा वाचूनच तिसरा मला सांगता येऊ लागला.

मेळघाट म्हटले की मुंबई-पुण्यास कुपोषण आठवते, आणि ते आठवणे योग्यच आहे. नव्वदीच्या दशकापासून तेथील बालमृत्यूंनी न्यायालये आणि विधिमंडळे गाजली. त्याचा एक परिणाम असा झाला की त्या मुलाचे वजन घेण्यास माणसे येतात, दंडाचा घेर मोजण्यास येतात, आणि ते बोलते किती, हसते केव्हा, झोपेत दचकते का, हे विचारण्यास कोणी येत नाही. पोटाच्या भुकेपुढे मनाची विचारपूस ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. पण जे मूल भीतीने जेवणाच्या पंगतीतून मागे राहते त्याचे वजन वाढत नाही, हे कोणतीही अंगणवाडीसेविका सांगू शकेल.

अंगणवाडीसेविकेचे नाव ओघात आले, तर येथेच सांगावयास हवे की सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्या मुलाचे बहुधा बरे चाललेले असते. अंगणवाडीतील बाई गावची, मदतनीस गावची, बहुतेक ठिकाणी दोघीही कोरकू. तेथे मूल स्वत:च्या भाषेत भांडते, मागते, गाते. मग एका जूनमध्ये त्याच आवाराच्या पलीकडच्या खोलीत जाऊन बसावयाचे, आणि तेथील एकुलत्या एका मोठ्या माणसास आपले बोलणे कळत नाही, असा प्रकार होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे मूल दुपारनंतर तरी घरी जाते. आश्रमशाळेत, म्हणजे जेथे पहिलीपासून मुले निवासी असतात तेथे, रात्र असते.

आश्रमशाळेच्या रात्रीविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो. मुख्याध्यापक, शिक्षक आणि अधीक्षक हे बहुधा मैदानी मुलखातले, मराठी भाषिक; त्यांच्यांत भले लोक पुष्कळ असतात. पण पहिल्या महिन्यात, दिवे मालवल्यावर, ज्या वेळी एक मूल मुसमुसू लागते आणि त्याचे ऐकून शेजारची चार-पाच मुसमुसू लागतात, त्या वेळी ती मुले ज्या माणसाकडे धावतात तो माणूस या मंडळींपैकी नसून कामाठी म्हणून नेमलेली एखादी कोरकू बाई असतो. दिवसभर भांडी, झाडलोट, तांदूळ निवडणे आटोपून ती मुलांच्या खोलीत येते, ज्याचे अंग तापले आहे त्याच्या कपाळास हात लावते, ज्याला घरची आठवण येते आहे त्यास त्याच्या गावची बातमी सांगते (तिला चारी गावच्या सोयरिकी तोंडपाठ असतात), आणि कोणाचा बाप येत्या बाजारी येणार आहे हे खरे-खोटे करून सांगून निजवते. समुपदेशन हा शब्द तिने ऐकलेला नाही. शासनाच्या लेखी ती चतुर्थ श्रेणीची कर्मचारी असून तिच्या कर्तव्यसूचीत यांपैकी एकही काम नमूद नाही, सबब तपासणी पथक तिला विचारते ते फक्त भांडी किती आणि पाणी कोठून येते. मी पाहिलेल्या एका आश्रमशाळेत अशी बाई सेवानिवृत्त झाली आणि तिच्या जागी भाषा न जाणणारा मनुष्य रुजू झाला. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर न परतलेल्या लहान मुलांची यादी मोठी झाली, ‘दीर्घ गैरहजर’ या सदराखाली त्यांची नावे गेली, आणि कारणाच्या रकान्यात पालकांची उदासीनता असे लिहिले गेले.

आता दुसऱ्या टोकाची हानी. जे मूल टिकते, मराठी आत्मसात करते, दहावी होते, त्याच्या बाबतीत सारे ठीक झाले असे आपण समजतो, आणि आपल्या आकडेवारीपुरते ते खरेही असते. परंतु वर्षातले बहुतेक महिने वसतिगृहात राहिलेला तो मुलगा होळीस घरी येतो (होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, त्यासाठी बाहेरगावी मजुरीस गेलेली माणसेदेखील कामे टाकून परततात), आणि आजीने कोरकूत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीत देतो. प्रथम सवयीने, पुढे जाणूनबुजून, कारण शाळेतील कोणीतरी ती भाषा जंगली म्हणून हिणवलेली असते. आजीला मराठी येत नाही असे नाही, बाजारापुरती येते. पण नातवाशी बाजारापुरते बोलावे लागणे म्हणजे काय, हे तिच्या तोंडावर दिसते. गादली सुसूनच्या नाचात तो कडेला उभा राहून मोबाइलवर चित्रण करतो. कासदा, भिलावा, जांबू ही कुळांची नावे कागदोपत्री कासदेकर, भिलावेकर, जांभेकर अशी झाली याविषयी मला तक्रार नाही. महाराष्ट्रात आडनावास ‘कर’ लागणे हा एक प्रकारे आपल्यात घेण्याचाच शिरस्ता आहे. पण ज्यास आपल्यात घेतले त्याने आपल्या आजीशी बोलणे सोडले पाहिजे, अशी अट त्या शिरस्त्यात कधी नव्हती.

येथे एक जुना आक्षेप पुढे येईल, तो माझ्याही कार्यालयात वारंवार येत असे : दोन भाषा एकदम कानांवर पडल्या तर लहान मुलाचा गोंधळ होतो, म्हणून घरीसुद्धा पालकांनी मराठीच बोलावे. हा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो आणि त्याचे मूळ शंभर वर्षे जुने आहे. वेल्समध्ये १९२० च्या दशकात झालेल्या बुद्धिमापनात दुभाषी खेडवळ मुले मागे पडली, तेव्हा दोष त्यांच्या दोन भाषांवर आला; १९६२ साली मॉन्ट्रियल येथे पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी सारख्याच आर्थिक स्थितीतील दुभाषी व एकभाषी मुलांची तुलना केली तेव्हा दुभाषी मुले सरस ठरली, आणि पूर्वीच्या अनेक चाचण्यांनी गरिबीचा परिणाम भाषेच्या खाती टाकला होता हे उघडकीस आले. मेळघाटात ही चूक आपण अजून करीत आहोत. ज्या मुलाच्या घरी दिवा नाही, ज्याचे आईबाप वर्षातले चार महिने परमुलखात मजुरी करतात, त्याच्या मागासलेपणाचा ठपका आपण त्याच्या भाषेवर ठेवतो, कारण भाषेस जाब विचारण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. तेवढ्यावर न थांबता, तोडकीमोडकी मराठी येणाऱ्या आईने मुलाशी मराठीच बोलावे असे सांगून आपण त्या मुलाचे तेवढे एक समृद्ध बोलणेही काढून घेतो. ती आई मग मुलाशी हुकूम आणि नकार यांपलीकडे बोलू शकत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो आपल्या विभागास माझ्याहून अधिक माहीत आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, ३५० अ हे कलम घटनेत आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा यत्न प्रत्येक राज्याने करावा असे त्याने फर्मावले. बेळगावच्या मराठी मुलांसाठी आपण याच कलमाचा आधार घेत आलो आहोत, आणि यापुढेही घेऊ. मात्र जो दाखला आपण कर्नाटकापुढे ठेवतो तो धारणीस लागू नाही असे म्हणण्याची सोय आपणांस उरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील २९ वे कलम तर मला फारच अर्थपूर्ण वाटते. अभ्यासक्रम ठरविताना ध्यानात ठेवावयाच्या गोष्टींची जी यादी तेथे आहे तिच्यात शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, हा एक खंड आहे, आणि त्याच्या लगेच खाली, मुलास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करावे आणि त्यास आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साह्य करावे, हा दुसरा. पहिल्या खंडात ‘व्यवहार्य असेल तेथवर’ अशी पळवाट आहे, आणि आजवर प्रत्येक टिपणीत तिचाच आश्रय घेतला गेला. दुसऱ्या खंडात तशी पळवाट नाही. मुलाची भाषा जाणणारे कोणी वर्गात असल्याखेरीज त्याचे भय जर दूर होत नसेल, तर पहिल्या खंडाची सवलत दुसऱ्या खंडाने काढून घेतली आहे असे मी म्हणतो. एखाद्या विधिज्ञास हे मान्य नसेल तर त्याने ते न्यायालयात सांगावे, पहिलीच्या मुलास सांगू नये.

इतरत्र काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. मातृभाषेतून आरंभ करावा हे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ च्या अहवालात सांगितले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा नेली, त्याचे सूत्र मुलाने शाळेपर्यंत येण्याआधी शाळेने मुलापर्यंत जावे हेच होते. ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्ग सुरू केले, त्यांत संथाळी, सावरा, जुआंग या कोरकूच्या भाषाभगिनी होत्या, आणि त्या त्या जमातीतील शिक्षक नेमले. ते काम निर्दोष झाले असे कोणी म्हणत नाही, पण ते झाले. आपल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वत:च्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली, आणि पुढे तिला अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस गेली. शाळा नाही म्हणून खेड्यांस नोटीस काढण्याची पद्धत अजून पडलेली नाही, एवढेच यावर म्हणतो.

पुस्तके काढा, असे मी आरंभीच म्हणत नाही. बोलीभाषांतील शब्दसंग्रह, चित्रकथा, द्विभाषिक पुस्तिका यापूर्वीही निघाल्या. त्यांतील काही चांगल्या होत्या आणि त्यांचे गठ्ठे मी केंद्रशाळेच्या पेटीत पाहिले आहेत. कोरकू न जाणणाऱ्या शिक्षकाच्या हाती कोरकूची पुस्तिका दिली तर तो ती सुरक्षित ठेवतो. पुस्तकाआधी माणूस हवा. शेतकरी नवा गोऱ्हा पहिल्यांदा औतास जुंपतो तेव्हा त्याच्या जोडीस मुरलेला बैल देतो, दोन्ही गोऱ्हे एकदम जुंपीत नाही. येथे तर नवे मूल आणि मुलखास नवा शिक्षक अशी जोडी आपण दर जूनमध्ये जुंपतो आणि सरी वाकडी गेली म्हणून दोघांच्याही सेवापुस्तकांत शेरे लिहितो.

म्हणून माझी मागणी एका हुकुमाची आहे. ज्या शाळेच्या पहिलीत निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा मराठीहून भिन्न आहे, त्या शाळेत पहिली व दुसरीसाठी ती भाषा बोलणारा एक भाषासहायक नेमावा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळात जेथे लागेल तेथे कोलामी, नंदुरबारात भिली-पावरी. त्याची पात्रता बारावी पुरे, नेमणूक त्याच गावातील किंवा शेजारच्या गावातील, मानधन दरमहा आणि वेळेवर, आणि बदली नाही. धारणी-चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र असल्याने स्थानिक उमेदवारांतून नेमणूक करण्यास आधार आहेच. फक्त जातीच्या दाखल्यावर जमात लिहिलेली असते, भाषा लिहिलेली नसते, म्हणून उमेदवाराची निवड गावसभेसमोर त्या भाषेत बोलून व्हावी, तालुक्याच्या कचेरीत अर्जांच्या छाननीने होऊ नये. त्याने मराठी शिक्षकाची जागा घ्यावयाची नाही. त्याने वर्गात बसावे, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलावे, शिक्षकाचे मराठी त्यांच्यापर्यंत आणि त्यांची गाऱ्हाणी शिक्षकापर्यंत पोहोचवावी, आठवड्यातून एकदा गावातील एखाद्या आजी-आजोबास वर्गात आणून गोष्ट सांगवावी, आणि तिसरीपर्यंत मुले दोन्ही भाषांत मोकळेपणी बोलू लागली की खालच्या वर्गाकडे वळावे. आश्रमशाळांत हेच काम कामाठी बायांकडून होत आहे तेथे त्यांच्या कर्तव्यसूचीत ते लिहावे, त्यासाठी भत्ता द्यावा, आणि त्या निवृत्त झाल्या तर त्यांच्या जागी भाषा जाणणारीच व्यक्ती रुजू होईल अशी अट घालावी. बदलून येणाऱ्या शिक्षकांस पहिल्या वर्षी त्या भाषेचा एक लहानसा अभ्यासक्रम सक्तीचा करावा. जो मनुष्य तीन वर्षे धारणीत राहून ‘कोठे दुखते’ एवढे कोरकूत विचारू शकत नाही त्याची वेतनवाढ अडवावी असे मी म्हणणार नाही, पण ज्याने ती भाषा शिकून घेतली त्यास एक आगाऊ वेतनवाढ देण्यास वित्त विभागाची हरकत नसावी. पहिल्या वर्षी हे दोनच तालुक्यांत करून पाहावे. खर्च किती येईल याचा तक्ता मी तयार केला आहे, आपल्या कार्यालयाने मागविल्यास पाठवीन. एखाद्या जिल्ह्याच्या सभागृहाच्या रंगरंगोटीस जेवढी रक्कम सहज मंजूर होते तिच्याशी त्याची तुलना करावी.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात, म्हणजे कोकण-देशापेक्षा आम्हांस आठवडा-दोन आठवडे अधिक मिळतात. मसुदा विभागाकडे, विभागाकडून वित्ताकडे, तेथून पुन्हा विभागाकडे, अशी जी वाट असते ती मला माहीत आहे. तरी मार्चअखेर निर्णय झाल्यास एप्रिलमध्ये गावसभा घेता येतील आणि मेमध्ये, माणसे गावात असताना, नेमणुका होतील.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख
परतवाडा, जि. अमरावती

ता. क. — आश्रमशाळा आपल्या विभागाकडे नसून आदिवासी विकास विभागाकडे आहेत, म्हणून या पत्राची एक प्रत त्या खात्याच्या मंत्र्यांसही पाठविली आहे. ‘प्रकरण आपल्या विभागाशी संबंधित नसल्याने उचित कार्यवाहीसाठी परत’ असा शेरा मारून दोन्ही प्रती माझ्याकडे आल्या, तर त्या मी पुन्हा अदलाबदल करून पाठवीन.